घर गेलं, प्राणी सोबत आहेत: पुण्यात तात्पुरतं घर शोधताना

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत शिरलं. आमचं घर तळमजल्यावर. दिवे गेलेले. ह्यांनी सासूबाईंना धरून वरच्या मजल्यावर नेलं. मी शेरूचा पट्टा मनगटाला गुंडाळला, चिंगीला उशीच्या अभ्र्यात घातलं आणि अभ्र्याचं तोंड आवळून, तिला छातीशी धरून जिना चढले. अभ्र्यात होती म्हणून मांजर हातात राहिली. नुसती उचलली असती तर ओरबाडून पाण्यात उडी मारली असती. दुपारी बोटीतून रस्त्यावर आलो. तीन माणसं, एक कुत्रा, एक मांजर, आणि जायचं कुठे ते ठाऊक नाही.

पुढचे साडेतीन महिने आम्ही तीन ठिकाणी राहिलो. त्या काळात जे उमगलं आणि नंतर अशाच अडचणीतल्या लोकांसोबत घरं शोधताना जे शिकले, ते पहिल्यांदाच या फेऱ्यात सापडलेल्यांसाठी क्रमाने लिहिते आहे. कारण पूरच असेल असं नाही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांना पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. कुणाच्या घराला आग लागते, कुणाची इमारत पुनर्विकासाला जाते आणि भाडेकरूच्या हातात पंधरा दिवस उरतात. कारण कोणतंही असो, घरात प्राणी असला की पुढचे अडथळे तेच.

सगळ्यात आधी एक गोष्ट. पहिल्या आठवड्यात प्राण्याबद्दल कायमचा कोणताही निर्णय घेऊ नका. त्या दिवसांत प्रत्येक जण सल्ला देतो. "देऊन टाका कुणाला तरी." "गावाला पाठवा." "संस्थेत सोडा, तिथे बघतात." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण झोप झालेली नसते, अंगावरचे कपडे दुसऱ्याचे असतात, आणि अशा वेळी दिलेला होकार पुढे आयुष्यभर टोचतो. तुम्हाला आज अकरा महिन्यांचं घर शोधायचं नाहीये. आजची रात्र काढायची आहे. मग आठ-दहा दिवसांची सोय, आणि त्यानंतर भाड्याचं घर. असे तीन वेगळे टप्पे डोक्यात ठेवा. या तिन्ही टप्प्यांत माणसं आणि प्राणी एकाच छपराखाली असायला हवीत असंही नाही. हे मान्य करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

अंग पुसा, फोटो काढा

पुराच्या पाण्यातून आलेल्या प्राण्याला शक्य तितक्या लवकर स्वच्छ पाण्याने धुवा आणि कोरडं करा. ते पाणी गटाराचं असतं, त्यात उंदरांचं मूत्र असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हा आजार कुत्र्यांना होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसांनाही होऊ शकतो. पंजांच्या बोटांमधली जागा बघा. तिथे काचेचा तुकडा, चीर किंवा जखम असेल तर धोका वाढतो. पुढचे पंधरा दिवस लक्ष ठेवा. ताप, उलट्या, खाणं बंद होणं, गडद लघवी, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर किंवा हिरड्यांवर पिवळसर झाक, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि "पुराच्या पाण्यात होता" हे वाक्य पहिल्यांदा सांगा. लघवी साफ करताना हातमोजे घाला. नेहमीचे डॉक्टरही पाण्यात अडकले असतील तर औंधचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय लक्षात असू द्या.

घरात परत पाय ठेवाल तेव्हा साफसफाईच्या आधी फोटो काढा. तलाठ्याच्या पंचनाम्यासाठी ते लागतात. सरकारी मदत भांडीकुंडी, कपडे, घराची पडझड यांसाठी मिळते. गाय, म्हैस, शेळी अशा जनावरांसाठीही निकष आहेत. कुत्र्या-मांजरांचा खर्च त्यात धरलेला नसतो, तो स्वतःच्याच खिशातून जाणार हे गृहीत धरून चाला.

प्राणी सापडत नसेल तर अंधार पडल्यावर आणि पहाटे, रस्ता शांत असताना, जुन्या घराशी जा. नेहमीच्या आवाजात हाक मारा, डबा वाजवा. मांजर बहुतेक वेळा घरापासून फार लांब जात नाही. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, पार्क केलेल्या गाडीच्या इंजिनात दबून बसते आणि भीतीने ओही देत नाही. कुत्रा मात्र वाहवत किंवा पळत दूर जाऊ शकतो. त्याच्यासाठी आसपासच्या चहावाल्यांना, वॉचमनना आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या बायकांना फोटो द्या. या बायकांना आपल्या भागातला नवीन कुत्रा एका दिवसात ओळखू येतो.

आजची रात्र

महापालिका पूरग्रस्तांची सोय बहुतेक वेळा शाळांमध्ये करते. तिथे जेवण, पाणी, अंथरूण मिळतं, पण वर्गात शंभर माणसं झोपलेली असताना कुत्रा आत घेतील याचा भरवसा धरू नका. तरीही तिथल्या माणसाला सरळ विचारा: "वर्गात नको, व्हरांड्याच्या टोकाला बांधून आमच्यातलं एक जण सोबत बसलं तर चालेल का?" बहुतेकांना प्राण्याची अडचण नसते, त्याची जबाबदारी कोण घेणार ही असते. सोबत माणूस बसणार म्हटल्यावर उत्तर बदलतं.

नातेवाइकाकडे जाणार असाल तर फोनवरच प्राण्यांचा उल्लेख करा, दारात उभं राहून नको. आम्ही कर्वेनगरला नणंदेकडे गेलो. वन-बीएचके, त्यांची दोन मुलं, एकाला दम्याचा त्रास. मी फोनवर म्हणाले, "ताई, आम्ही तिघं तुमच्याकडे येतो, पण चिंगीला मैत्रिणीकडे ठेवते आणि शेरूला फक्त आजची रात्र बाल्कनीत राहू द्या. उद्या त्याची सोय करते." मुदत सांगितली की समोरचा माणूस मोकळ्या मनाने हो म्हणतो. आणि सांगितलेली मुदत पाळायची.

लॉज किंवा हॉटेल हवं असेल तर ॲपवर बुक करून मोकळे होऊ नका, तिथल्या रिसेप्शनला फोन करा. यादीत "पेट-फ्रेंडली" लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात लहान जातीचाच कुत्रा चालतो, किंवा जादा पैसे लागतात, किंवा रात्रपाळीच्या माणसाला काही ठाऊकच नसतं. तळमजल्यावरची किंवा जिन्याजवळची खोली मागा. ज्याने हो म्हटलं त्याचं नाव आणि व्हॉट्सॲपवर एक ओळीचा होकार घ्या.

रिक्षा किंवा छोटा हत्ती टेम्पो ठरवतानाही आधी सांगा आणि सीटवर टाकायला जुनी चादर घेऊन उभे राहा. चादर दिसली की रिक्षावाल्याच्या कपाळावरची आठी बरीच कमी होते.

प्राण्याची फाइल

माणसांची कागदपत्रं शोधताना आपण आधार, पॅन, सात-बारा आठवतो. प्राण्याचं लसीकरणाचं पुस्तक बहुतेकांचं पाण्यात जातं. पण डॉक्टरांकडे नोंद असते. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात फोन करून रेबीजच्या आणि इतर लसींच्या तारखा सहीशिक्क्यासह लिहून मागा. पैसे घेऊन प्राणी सांभाळणारा बोर्डिंगवाला हाच कागद मागेल, घरमालक हाच बघेल, आणि महापालिकेच्या श्वान परवान्यासाठीही रेबीजची लस दाखवावी लागते. पुण्यात कुत्रा पाळायला हा परवाना लागतो आणि मांजरांचीही नोंदणी आता महापालिका करते. आजवर काढला नसेल तर या निमित्ताने काढून घ्या. घरमालकाच्या मनात महापालिकेच्या कागदाला जे वजन आहे ते आपल्या शंभर शब्दांना नाही.

फाइलमध्ये आणखी तीन गोष्टी हव्यात. प्राण्याचे दोन-तीन स्पष्ट फोटो, त्यातल्या एकात तुम्ही सोबत असलेले. म्हणजे प्राणी तुमचाच आहे हे सिद्ध करायला वेगळं काही लागत नाही. नसबंदी झाली असेल तर त्याचा दाखला. आणि औषधं चालू असतील तर त्यांचं नाव, मात्रा, वेळ. हे सगळं फोनमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही ठेवा.

आठ-दहा दिवस: बोर्डिंग, ओळखीचं घर, गाव

इथे लोक घाईत फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुण्यात बोर्डिंगच्या सोयी भरपूर आहेत. शहराच्या कडेला मोकळ्या जागेत केनेल आहेत, आणि घरातल्या घरात दोन-चार कुत्री सांभाळणाऱ्या व्यक्तीही आहेत. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत जागा पटकन भरतात. पाहिल्याशिवाय ठेवू नका. ऑफिस नव्हे, प्राणी रात्री झोपतात ती जागा बघायला मागा. फरशी कोरडी आहे का, वास किती आहे, पाण्याची भांडी कशी आहेत, रात्री माणूस तिथे राहतो का. लसीचा कागद न मागता जो तुमचा कुत्रा घेतो, तो दुसऱ्यांचेही तसेच घेत असणार. म्हणजे पार्व्हो आणि केनेल कफ हे कुत्र्यांचे संसर्गजन्य आजार तिथे फिरत असणार. लसी अपुऱ्या असलेल्या पिल्लाला बोर्डिंगमध्ये ठेवूच नका, त्यासाठी कुणाचं तरी घरच शोधा. आधी तीन दिवसांचे पैसे द्या, रोज सकाळ-संध्याकाळ एक व्हिडिओ मागा, आणि आजारी पडला तर कोणत्या डॉक्टरकडे नेणार, किती खर्चापर्यंत तुम्हाला न विचारता करायचा, हे लिहून द्या.

शेरूला मी ज्या पहिल्या ठिकाणी नेलं तिथे व्हिडिओ मागितला की "उद्या पाठवतो" असं उत्तर यायचं. तिसऱ्या दिवशी न सांगता गेले, तर तो ओल्या फरशीवर, दोन हात लांबीच्या साखळीला बांधलेला होता. त्याच दिवशी बाहेर काढला. दुसरं ठिकाण एका निवृत्त बाईंचं घर होतं, नेहमीच्या डॉक्टरांनी सुचवलेलं. डॉक्टर आणि त्यांचे कंपाउंडर यांच्याकडे अशी माणसं ठाऊक असतात. जाहिरातींच्या आधी त्यांना विचारा.

आता संस्थांबद्दल. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, मुंढव्याची ब्लू क्रॉस सोसायटी अशा संस्था आहेत आणि त्यांचं काम मोठं आहे, पण ते प्रामुख्याने जखमी, आजारी, बेवारस प्राण्यांसाठी आहे. पुराच्या आठवड्यात त्यांच्याकडे आधीच गर्दी असते. निरोगी घरचा प्राणी तात्पुरता ठेवायची जागा म्हणून त्यांच्याकडे बघू नका. सल्ला आणि सांभाळणाऱ्या घरांची माहिती मात्र जरूर विचारा. आणि कोणत्याही शेल्टरमध्ये कागदावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. त्यात "सरेंडर" किंवा "मालकी सोडत आहे" असा शब्द असेल तर सही केल्यावर तो प्राणी तुमचा राहत नाही, संस्था त्याला दुसऱ्या घरी देऊ शकते. तात्पुरतं ठेवायचं असेल तर "अमुक तारखेपर्यंत सांभाळण्यासाठी, मालकी माझीच" असं स्पष्ट लिहून घ्या. मैत्रिणीकडे ठेवत असाल तरी व्हॉट्सॲपवर एवढं लिहाच. मैत्री मोडू नये म्हणूनच लिहायचं.

गावाला पाठवायचं असेल तर जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे हे विसरू नका. शहरातला कुत्रा रात्री अंगणात बांधलेला असला तर त्याला पळताही येत नाही. रात्री बंद दाराआड ठेवाल का, हे स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर पाठवू नका. शिवाय मोकळा सोडलेला कुत्रा अनोळखी गावात घर शोधत निघतो. निदान पहिले पंधरा दिवस पट्ट्याशिवाय बाहेर काढायचा नाही, हेही सांगा.

मांजराला मात्र जागा जितक्या कमी वेळा बदलाल तितकं बरं. एकच छोटी खोली, एक खोकं आडवं करून लपायला, मातीचा ट्रे एका कोपऱ्यात आणि खाणं दुसऱ्या. पहिले दोन दिवस ती बाहेर येणार नाही, ओढून काढू नका. पण दोन दिवस पूर्ण उपाशी राहिली तर डॉक्टर गाठा. उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं, जाड मांजराचं तर आणखी लवकर.

भाड्याचं घर

कुठे शोधायचं? मोठ्या टाउनशिपपेक्षा बंगल्याचं आउटहाउस, रो-हाउस, तळमजल्यावरचं टेनामेंट किंवा एकाच मालकाची तीन-चार मजली इमारत यांत प्राण्यांसह घर लवकर मिळतं. माझा अनुभव गावठाणांचा चांगला आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. धायरी, नऱ्हे, सूस, मांजरी, वाघोली अशा भागांत अजून जुनं गावठाण आहे. तिथला मालक खालीच राहतो, त्याच्या दारात स्वतःचाच एखादा कुत्रा असतो, मागे कदाचित गोठाही असतो. त्याला "कुत्रा आहे" याचं काही वाटत नाही. तो बघतो माणसं कशी आहेत ते. आमचं तिसरं घर असंच धायरीच्या गावठाणात मिळालं. मालकाच्या आईने पहिल्या दिवशी शेरूला भाकरीचा तुकडा टाकला आणि मग आम्हाला विचारलं, "तुमचं जेवण झालं का?"

वाड्यातली खोली, जिथे पॅसेज आणि संडास सामाईक आहे, ती कुत्र्यासोबत टाळा. दिवसातून दहा वेळा शेजाऱ्यांच्या दारावरून जावं लागतं आणि भांडणाला निमित्त मिळतं. पीजी आणि हॉस्टेलमागे वेळ घालवू नका.

ब्रोकर साधारण एका महिन्याचं भाडं घेतो. त्याला पहिल्याच वाक्यात प्राणी आहेत हे सांगा आणि "मालकाला विचारल्याशिवाय घर दाखवू नका" असंही. नाहीतर तो दिवसाला पाच घरं दाखवतो आणि पाचही जण शेवटी नाही म्हणतात. आणखी एक प्रश्न आधीच विचारायचा: नॉनव्हेज चालतं का? पुण्यात बऱ्याच इमारतींत मालक फक्त शाकाहारी कुटुंब घेतात. तुमच्या कुत्र्याचं चिकन घरी शिजत असेल तर हा प्रश्न प्राण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

प्राणी लपवून घर घेऊ नका. मी घेतलं होतं. नणंदेकडून निघायची घाई होती, म्हणून पहिल्या भाड्याच्या घरात कुत्र्याचं सांगितलं आणि मांजराचं गाळलं. नवव्या दिवशी चिंगी खिडकीच्या गजांत बसलेली मालकीणबाईंनी खालून पाहिली. त्या वर आल्या, आवाज चढवला नाही, फक्त म्हणाल्या, "सांगितलं असतंत तर कदाचित हो म्हटलं असतं. आता विश्वास कसा ठेवू?" आठ दिवसांत घर सोडलं. ब्रोकरी गेली, टेम्पोचं भाडं गेलं, आणि सासूबाईंना पुन्हा एकदा सामान बांधताना बघावं लागलं. चूक माझी होती.

फोनवर मी नंतर असं बोलायला लागले: "नमस्कार काका, घराबद्दल फोन केलाय. आम्ही तिघं मोठी माणसं. आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं, म्हणून तीन-चार महिन्यांसाठी जागा हवी आहे. आधीच सांगते, आमच्यासोबत सहा वर्षांचा एक कुत्रा आणि एक मांजर आहे. दोघांची नसबंदी झाली आहे, लसी पूर्ण आहेत. तुम्ही हो म्हणायच्या आधी शेरूला घेऊन येते, तुम्ही स्वतः बघा." मग थांबायचं. तिकडून प्रश्न येतात, आणि ते जवळजवळ ठरलेले असतात. भुंकतो का, चावला आहे का कुणाला, घरात घाण करतो का, तुम्ही कामावर गेल्यावर कोण असतं. या चारही प्रश्नांची खरी उत्तरं तयार ठेवा. बेल वाजली की भुंकतो, तर तसंच सांगा. "अजिबात भुंकत नाही" यावर कुणाचाच विश्वास बसत नाही.

भेटायला जाताना कुत्र्याला आधी भरपूर फिरवून न्या, म्हणजे तो शांत असतो. लग्नासाठी जसा बायोडेटा करतो तसा प्राण्याचा एक पानाचा करा आणि फोटोसह पाठवा. आमचा असा होता:

"शेरू. देशी कुत्रा, नर, वय ६ वर्षं, वजन २१ किलो. नसबंदी झालेली. रेबीज व इतर लसी या वर्षीच्या. महापालिकेचा परवाना आहे. सकाळी साडेसहाला आणि रात्री नऊला फिरायला नेतो, घाण आम्ही उचलतो. घरात सासूबाई असतात, एकटा राहत नाही. कुणाला चावलेला नाही. बेल वाजल्यावर भुंकतो, गप्प बस म्हटलं की थांबतो. चौकशीसाठी डॉक्टरांचा आणि आमच्या जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा नंबर खाली देत आहे."

शेवटची ओळ सगळ्यात उपयोगी. जुन्या शेजाऱ्याने दोन चांगले शब्द सांगितले की काम सोपं होतं. अर्थात नंबर देण्याआधी त्यांना विचारा.

आता हक्कांचं नीट समजून घ्या, कारण इथे गल्लत होते. घरमालक त्याच्या घरात प्राणी नकोत म्हणू शकतो, तो त्याचा निर्णय. सोसायटीचं तसं नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरीही नाही. लिफ्ट वापरू न देणं, त्यासाठी वेगळे पैसे मागणं, हेही करता येत नाही. त्याच सूचनांत आपल्या बाजूच्या जबाबदाऱ्याही आहेत: पट्टा, लसी, स्वच्छता. मालक हो म्हणाला आणि सेक्रेटरी अडवत असतील तर त्या सूचनांची प्रत द्या, शांतपणे बोला, आणि जे बोलणं होईल ते मेलवर लिहून पाठवा. पण तीन महिन्यांच्या घरासाठी लढाई उभी करावी का, हा विचार जरूर करा. आमच्यासारख्या थकलेल्या घराने न्याय्य असूनही तिथे जाऊ नये असं माझं मत आहे. कायमच्या घरासाठी मात्र मागे हटू नका.

करार

"तीनच महिने आहेत, कशाला ॲग्रीमेंट?" असं मालक म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. ती जबाबदारी मालकाची आहे आणि न केल्यास त्याला शिक्षा होऊ शकते. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे सांगितलं की मालक स्वतःच तयार होतात. करार अकरा महिन्यांचाच हवा असं नाही. तीन किंवा सहा महिन्यांचा करता येतो, किंवा अकरा महिन्यांचा करून एक महिन्याच्या नोटिशीवर सोडण्याची अट घालता येते. घराची दुरुस्ती किती लांबेल ते कधीच सांगता येत नाही, म्हणून दुसरा पर्याय मला बरा वाटतो. फक्त "लॉक-इन", म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती, किती महिन्यांचं आहे ते नीट बघा.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, डिपॉझिटचा थोडा भाग त्यात धरला जातो. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. पंधरा हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारात मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपासच राहतं. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट घरी येऊन अंगठे घेतो, त्याची फी वेगळी. पोलीस व्हेरिफिकेशनही ऑनलाइन होतं. ते टाळू नका.

करारात प्राण्यांबद्दल एक कलम घालायला लावा. एजंटच्या ठरावीक मसुद्यात ते नसतं, आणि कधीकधी "पाळीव प्राणी ठेवणार नाही" अशी ओळ आधीपासून छापलेली असते, जी कुणी वाचत नाही. ती काढायला सांगा आणि असं काहीतरी लिहा (परवानाधारक म्हणजे भाडेकरू):

"परवानाधारकाच्या कुटुंबासोबत एक कुत्रा व एक मांजर राहणार असून त्याची मालकास पूर्ण कल्पना व संमती आहे. सदर प्राण्यांमुळे घराचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च परवानाधारक देईल. केवळ प्राणी असल्याच्या कारणावरून अनामत रक्कम अडवली जाणार नाही."

मालक बिचकत असेल तर भाडं वाढवून देण्यापेक्षा डिपॉझिट थोडं वाढवून द्या, ते परत मिळतं. ताबा घेताना दारांच्या खालच्या कडा, जाळ्या, सोफा, भिंतींचे कोपरे यांचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. जुने ओरखडे शेरूच्या नावावर जाता कामा नयेत.

नव्या घरातले पहिले दिवस

सामान लावायच्या आधी खिडक्या आणि बाल्कनी बघा. मांजर असेल तर जाळी बसेपर्यंत बाल्कनीचं दार बंद. मांजराला दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नका, नाहीतर ती जुन्या घराच्या दिशेने निघते, आणि जुनं घर म्हणजे आता चिखल.

कुत्र्याला पहिले काही दिवस एकटं ठेवू नका. आधी पाच मिनिटं बाहेर जा, मग पंधरा, मग तास. दाराबाहेर उभं राहून ऐका. पूर अनुभवलेला कुत्रा पाऊस वाजला की थरथरतो, कोपरा धरतो. शेरू अजून धरतो. पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. झोपायला त्याच्याखाली तुमचा अंगात वापरलेला, न धुतलेला एखादा शर्ट घाला. आमच्याकडे जुनं काहीच उरलं नव्हतं, तेव्हा ह्यांचा दोन दिवस घातलेला बनियन त्याच्या अंथरुणात ठेवला आणि त्या रात्री तो पहिल्यांदा सलग झोपला.

पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या दोन-तीन दारांवर स्वतः जाऊन ओळख करून द्या. "काकू, आमच्याकडे कुत्रा आहे. काही त्रास झाला तर सेक्रेटरींच्या आधी मला सांगा, हा माझा नंबर." तक्रार आधी तुमच्याकडे आली तर ती तिथेच मिटते.

ज्यांच्याकडे पोपट आहे त्यांच्यासाठी एक सूचना. आपल्याकडचा हिरवा, गळ्यात गुलाबी कंठ असलेला पोपट आणि नक्षीदार पाठीचं तारा कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. अशा वेळी ते बोर्डिंगमध्ये देऊ नका, बाहेर सोडूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला बाहेर जगता येत नाही. वनविभागाशी बोला.

घर बदललं की महापालिकेच्या परवान्यावरचा पत्ता बदलून घ्या, आणि त्याच दिवशी पट्ट्याच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने दोन मोबाईल नंबर लिहा. एक तुमचा, आणि एक अशा नातेवाइकाचा, ज्याचं घर नदीपासून लांब आहे.